विद्यापीठाशी भांडलेले पदवीधर

1862 साली मुंबई विद्यापीठाने बी.ए.च्या पहिल्या पदव्या दिल्या, तेव्हा त्या घेणारे चारच जण होते. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघांची पंगत एका पाटावर बसेल एवढी. पुढे हे चौघेही प्रार्थना समाजाच्या कामात एकत्र आले, हा काही निव्वळ योगायोग नसावा.

विद्यापीठ तेव्हा पाच वर्षांचं होतं. 18 जुलै 1857 ला, उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना, त्याचा कायदा झाला. स्वतःची इमारत नाही, वर्ग नाहीत, प्राध्यापक नाहीत. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. आज फोर्टात दिसतो तो पदवीदान सभागृहाचा दगडी थाट 1874 चा. शेजारचा 280 फुटी राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला, तो कापसाच्या व्यापारात गबर झालेल्या प्रेमचंद रायचंदांच्या पैशातून, त्यांच्या मातोश्रींच्या नावाने. सभागृहाच्या गोल खिडकीत रंगीत काचांच्या बारा राशी बसवल्या आहेत. मिल आणि स्पेन्सर वाचून आलेल्या कित्येक पिढ्यांनी पदव्या घेतल्या त्या मेष-वृषभाच्या साक्षीने.

नामवंतांची यादी करायची तर हातासरशी होते. टिळक, गोखले, फिरोजशहा मेहता अशी नावं आली की पानं भरतात. काशिनाथ त्र्यंबक तेलंग 1892 मध्ये पहिले भारतीय कुलगुरू झाले आणि लगेच पुढच्या वर्षी ती खुर्ची भांडारकरांकडे आली. पहिल्या तुकडीतला विद्यार्थी एकतीस वर्षांनी विद्यापीठाचा कारभारी! कराचीपासून धारवाडपर्यंतची मुलं याच विद्यापीठाची परीक्षा देत. गांधीजींची 1887 ची मॅट्रिकही मुंबईचीच, केंद्र अहमदाबाद. पण ते पदवीधर नव्हेत, तेव्हा त्यांना यादीत ओढू नये.

मला मात्र या यादीतली निराळीच माणसं खुणावतात. पदवी घेतली, आणि मग उलट फिरून विद्यापीठालाच विचारलं की, तुमचा दरवाजा नक्की कोणासाठी आहे?

रानड्यांपासूनच सुरुवात करावी लागते. विद्यार्थी असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि माप मराठ्यांच्या बाजूने टाकलं. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली, असं चरित्रकार सांगतात. दंड भरून गप्प बसणाऱ्यांतले रानडे नव्हते. विद्यापीठाच्या सुरुवातीच्या परीक्षांत मराठीला जागा होती. काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढून टाकल्या आणि संस्कृत, लॅटिन अशा अभिजात भाषा तेवढ्या ठेवल्या. कारण काय, तर मराठीत वाचण्याजोगं आहेच काय! हा प्रश्न रानड्यांना आयुष्यभर बोचत राहिला. न्यायाधीशाचं काम सांभाळून ते सिनेटमध्ये वर्षानुवर्षं हा विषय लावून धरत राहिले. 1898 मध्ये त्यांनी मराठी ग्रंथांच्या वाढीवर एक टिपणच लिहिलं. पुस्तकांची मोजदाद, विषयवार वर्गवारी, गुणदोष, सगळं त्यात आहे. न्यायाधीश पुरावा मांडतो तसा मांडलेला. गंमत अशी की टिपण इंग्रजीत आहे. ज्यांना पटवायचं ते मराठी वाचत नव्हते. एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली ती अगदी शेवटी, आणि 16 जानेवारी 1901 ला रानडे गेले. आज मराठीत एम.ए. करणाऱ्या मुलांना हे कोणी सांगतं का?

दुसरं भांडण बायकांचं. कॉर्नेलिया सोराबजी जन्माने नाशिकच्या, शिकल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. गुण असे की विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती हक्काने मिळावी. ती नाकारली, कारण अर्जदार बाई. मग हितचिंतकांनी पैसे जमवले आणि त्या 1889 मध्ये ऑक्सफर्डला गेल्या. 1892 मध्ये कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी हातात पडायला 1922 साल उजाडलं. तीस वर्षं! मुंबईने निदान पदवी तरी वेळेत दिली होती.

धोंडो केशव कर्व्यांची तऱ्हा वेगळी. मुरूडचा हा मुलगा परीक्षेला बसण्यासाठी भर पावसात घाट चढून चालत साताऱ्याला गेला. शंभराहून अधिक मैलांची पायपीट. तिथे साहेबाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत धाडलं. आल्या पावली घरी. पुढे 1884 मध्ये एल्फिन्स्टनमधून गणित घेऊन बी.ए. झाले तेव्हा वय सव्वीस. फर्ग्युसनमध्ये वर्षानुवर्षं गणित शिकवलं, आणि 1916 मध्ये मुलींसाठी वेगळं विद्यापीठच काढलं, तेही मातृभाषेतून शिकवणारं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती आल्यावर त्यांना ही कल्पना सुचली. मोजक्या पाच-सहा मुलींच्या जोरावर विद्यापीठ म्हणवून घ्यायला छाती लागते. त्याला कायद्याने मान्यता मिळाली 1951 मध्ये. कर्व्यांनी भांडणात आवाज कधी चढवला नाही. दार उघडेना, तेव्हा शेजारी दुसरं घर बांधलं.

तिसरं भांडण रयतेचं, आणि ते सुरू केलं ते विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या माणसाने. 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची पोरं मात्र निरक्षर राहतात, असा त्याचा रोख. त्याचं उत्तर विद्यापीठाकडे नव्हतं. तीस वर्षांनी, 1912 मध्ये, भीमराव रामजी आंबेडकर एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले. शाळेत संस्कृत नाकारलं म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली होती. फी आणि पुस्तकांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती, आणि म्युलर नावाच्या प्राध्यापकांनी दिलेली पुस्तकं. एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला कॉलेजात चहापाण्यालाही शिवाशिव. 1927 मध्ये मुंबई कायदेमंडळात विद्यापीठाच्या विधेयकावर चर्चा निघाली, तेव्हा आंबेडकर बोलायला उभे राहिले. विद्यापीठाच्या कारभारात मागासलेल्या वर्गांची माणसं असलीच पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. पुढे 1946 मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज निघालं, तेही युद्धानंतर रिकाम्या पडलेल्या लष्करी बराकींत. वर्ग सकाळचे, म्हणजे नोकरी करून शिकणाऱ्या मुलाला दहाच्या आत कामावर पोचता यावं. एक छोटीशी वेळापत्रकातली सोय, पण फुल्यांच्या निवेदनाला याहून नेमकं उत्तर मला दुसरं दिसत नाही.

विज्ञानाच्या बाजूला भांडणं कमी, कष्ट जास्त. कमला भागवत, पुढच्या सोहोनी, 1933 मध्ये पदवीधर झाल्या आणि बंगळुरूला विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत, एक वर्ष पारखून बघण्याच्या अटीवर शिरल्या आणि 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. धाकटी असो की थोरली, भागवतांच्या घरात मान तुकवायची पद्धतच नसावी. कमलाबाईंच्या थोरल्या बहीण दुर्गाबाई भागवत, त्याही याच विद्यापीठाच्या. इरावती कर्वे 1928 मध्ये समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या हाताखाली एम.ए. झाल्या. अनिल काकोडकर व्हीजेटीआयचे, 1963 चे अभियंते. रघुनाथ माशेलकर मूळ गोव्यातल्या माशेलचे. मुंबईत गिरगावातल्या महापालिकेच्या शाळेत शिकले, टाटा ट्रस्टच्या महिना साठ रुपयांवर कॉलेज केलं आणि विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागातून (यूडीसीटी) 1969 मध्ये पीएच.डी. झाले. हळदीच्या अमेरिकी पेटंटचं प्रकरण 1997 मध्ये, ते सीएसआयआरचे प्रमुख असताना, निकालात निघालं.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं. मुक्तीनंतर 1962 मध्ये तिथे कॉलेजं निघाली ती मुंबईशी संलग्न होती. 1985 मध्ये गोवा विद्यापीठ होईपर्यंत गोव्याच्या पोरांच्या पदवीवर मुंबईचाच शिक्का असे. त्याआधी पुणे, गुजरात आणि कर्नाटक अशी विद्यापीठं 1949 च्या सुमारास वेगळी झाली होती. त्यामुळे स्वातंत्र्यानंतरच्या पदवीधरांवर एकट्या मुंबईने हक्क सांगण्यात अर्थ नाही.

विद्यापीठानेही आपल्याशी भांडलेल्यांची दखल घेतली, पण सगळ्यांची नाही. शताब्दीच्या वर्षी, 1957 मध्ये, मुंबई विद्यापीठाने शंभरीला आलेल्या अण्णा कर्व्यांना सन्मानाने एलएल.डी. दिली. बाबासाहेबांना मानद पदवी कोलंबियाने 1952 मध्ये दिली आणि उस्मानियाने 1953 मध्ये. त्यांच्या हयातीत मुंबईचं नाव त्यात आलं नाही.