बॉल कटर आणि आर्यभटाचा शर

शॅम्पूच्या बाटलीच्या झाकणाचा साचा ज्या यंत्रावर कापला जातो, त्या यंत्राला त्या झाकणाचा गोलावा कधी कळलेलाच नसतो. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातल्या इंडस्ट्रियल इस्टेटींच्या गाळ्यांमध्ये व्हीएमसी, म्हणजे आकड्यांवर चालणारी उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीनं चालू असतात. काचेआड पोलादाच्या ठोकळ्यातून एखाद्या झाकणाची, मुठीची, डब्याची कॅव्हिटी हळूहळू आकाराला येते. स्क्रीनवर मात्र फक्त आकडे सरकत असतात: एक्स, वाय, झेड. जी०१, म्हणजे इथून तिथे सरळ जा. मग पुन्हा सरळ जा. जी०२ आणि जी०३ या आज्ञांनी वर्तुळाचा कंस काढता येतो, पण बाटलीच्या खांद्यासारखा जागोजागी वेगळा वळणारा पृष्ठभाग एका कंसात मावत नाही. म्हणून कॅम, म्हणजे मशीनसाठी या आज्ञा लिहून देणारं सॉफ्टवेअर, त्याचे हजारो, कधी लाखो छोट्या सरळ रेषांमध्ये तुकडे करतं. कटर त्या रेषांवरून धावतो, आणि आपण तयार साच्यावर बोट फिरवून म्हणतो, काय गुळगुळीत आहे!

सरळ रेष वक्राला कधीच पूर्ण चिकटत नाही, मध्ये फट राहतेच. ती किती चालेल हे माणसाला ठरवावं लागतं. कॅममधल्या ज्या चौकटीत हा आकडा भरायचा, तिला टॉलरन्स म्हणतात. नवशिक्या मुलांना मी एवढंच सांगेन की तो आकडा कुणाचा तरी बघून भरू नका, आधी कागदावर काढा. काढण्याची रीत दीड हजार वर्षं जुनी आहे.

इ. स. ४९९च्या सुमारास आर्यभटाने आपल्या ग्रंथाच्या गणितपादात ती दिली. वर्तुळाचा तुकडा म्हणजे धनुष्य, त्याची टोकं जोडणारी सरळ रेष म्हणजे ज्या, आणि ज्येच्या मध्यापासून धनुष्यापर्यंतची उंची म्हणजे शर. नियम असा: शर आणि व्यासाचा उरलेला भाग यांचा गुणाकार केला की अर्ध्या ज्येचा वर्ग मिळतो. ज्या आणि व्यास माहीत असतील तर शर काढायची रीत भास्कराचार्यांच्या लीलावतीतही आहे.

आता हा नियम गाळ्यात आणू. झाकणाच्या वळणाची त्रिज्या ५० मिलिमीटर, म्हणजे व्यास १००. कॅमने तिथे २ मिलिमीटरच्या रेषा टाकल्या. अर्धी ज्या १, तिचा वर्ग १. शर इतका छोटा की व्यासाचा उरलेला भाग जवळपास १००च, त्याने भागलं की शर ०.०१ मिलिमीटर. म्हणजे टॉलरन्स ०.०१ भरलं की रेषा साधारण २ मिलिमीटरच्या पडणार. ते ०.१ ठेवलं तर रेषा सहा मिलिमीटरच्या पुढे जातात, आणि झाकणावर प्रकाश पडला की हिऱ्यासारखे पैलू दिसतात. फिनिशिंगला ०.०१ सुद्धा पुष्कळदा जाडच पडतं, चकचकीत मालासाठी आणखी खाली उतरावं लागतं.

हे झालं कटर ज्या दिशेने धावतो त्या दिशेचं. आडव्या दिशेला काय होतं? फिनिशिंगचा कटर टोकाला अर्धगोल असतो, त्याला बॉल नोज म्हणतात. तो शेजारी शेजारी रेघा मारत जातो आणि दोन रेघांमध्ये धातूची बारीक कड उभी राहते. दोन रेघांमधल्या अंतराला स्टेपओव्हर म्हणतात. कटरचा व्यास १० आणि स्टेपओव्हर ०.२ असेल, तर कडेची उंची किती? अर्धी ज्या ०.१, वर्ग ०.०१, भागिले १०. उत्तर ०.००१ मिलिमीटर, म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस ढोबळमानाने ७० मायक्रॉन जाड असतो! स्टेपओव्हर दुप्पट, म्हणजे ०.४ केला, की कड चौपट होते. नियम पुन्हा आर्यभटाचाच, फक्त धनुष्य आता कटरचं आहे.

तिसरी गंमत मला सगळ्यांत जास्त आवडते. बॉल कटर १० मिलिमीटरचा असला तरी कापताना तो क्वचितच १० चा असतो. सपाटीवर ०.२ मिलिमीटर खोल घेतला, तर त्याचा फक्त खालचा चिमूटभर भाग धातूत असतो. त्या भागाची रुंदी काढायची तर शर ०.२, व्यासाचा उरलेला भाग ९.८, गुणाकार १.९६, त्याचं वर्गमूळ १.४, आणि दुप्पट केली की २.८. म्हणजे पोलादाला भेटतो तो २.८ मिलिमीटरचा कटर. स्पिंडल ८,००० फेऱ्यांवर असेल तर १० च्या हिशोबाने कापण्याचा वेग मिनिटाला सुमारे २५० मीटर वाटतो, खरा असतो सुमारे ७० मीटर. अगदी टोकाच्या बिंदूवर तर वेग शून्यच, तिथे कटर कापत नाही, धातू घासतो. साच्याच्या सपाट तळाशी निस्तेज, ओरबाडलेला पट्टा दिसला तर तो तिथून आलेला असतो. पाच अक्षांच्या मशीनवर कटर थोडा तिरका धरून त्या टोकाला कामातून वाचवतात. तीन अक्षांवर सपाट भाग बॉलने न कापता बुलनोजने, म्हणजे सपाट तळाच्या, कडा गोल केलेल्या कटरने काढलेला बरा.

सरळ तुकड्यांनी वक्र गाठायची ही धडपड संगणक कारखान्यात पोचण्याच्याही आधी सुरू झाली. १९४०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या टेम्प्लेटसाठी पंचकार्डांच्या यंत्रावर बिंदू मोजून घेत होते. त्या बिंदूंवर धातू कापायचा आणि मधल्या कडा हाताने कानशीने घासायच्या. त्यातूनच पुढे १९५२ साली एमआयटीने आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. १९५९ साली तिथेच एपीटी ही प्रोग्रामिंगची भाषा जाहीर झाली, तेव्हा तिच्या आधारे कापलेले ॲल्युमिनियमचे ॲशट्रे पत्रकारांच्या हातात दिले होते. त्याच सुमारास फ्रान्समध्ये सित्रोएनचे पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉचे पिएर बेझिए मोटारीच्या पत्र्याचे वक्र गणितात लिहीत होते. आज कॅममध्ये उघडणाऱ्या प्रत्येक सरफेसमध्ये त्या दोघांचं काम आहे.

कुठल्या जागी कुठल्या रेघा, हे ठरवणं म्हणजे टूलपाथ शिकणं. रास्टरच्या समांतर रेघा उथळ भागावर छान बसतात. पण सॉफ्टवेअर त्यांच्यातलं अंतर वरून बघून मोजतं. रेघा भिंतीला समांतर धावत असतील, तर ८० अंशांच्या उभ्या भिंतीवर तेच ०.२ चं अंतर उतारावर १.१५ मिलिमीटर होतं आणि कड एका मायक्रॉनवरून ३३ वर जाते. म्हणून उभ्या भागाला कॉन्स्टंट झेड, म्हणजे एकेका पातळीवर आडवी फेरी. तीच फेरी उथळ भागावर नेली की फेऱ्या दूरदूर पांगतात. दोन्हींची हद्द उताराच्या कोनावर पाडायची आणि ती थोडी एकमेकांवर चढवायची. कोपऱ्यांचं काम शेवटी लहान कटरने करतात. कोपऱ्याची त्रिज्या ३ आणि कटरची ५ असेल, तर कटर तिथे शिरूच शकत नाही, चांगलं सॉफ्टवेअर तो माल तसाच सोडून देतं. त्या उरलेल्या मालाचा अंदाज न घेता बारीक कटर पूर्ण फीडने, म्हणजे पूर्ण सरकवेगाने, कोपऱ्यात घातला की तो मोडलाच.

काम बिघडलं की पोलाद स्वतःच सांगतं, वाचता यायला हवं. सगळीकडे पैलू दिसत असतील तर टॉलरन्स बघा. ते ठीक असेल तर मॉडेलच एसटीएल, म्हणजे सपाट त्रिकोणांची फाइल, म्हणून जाड तुकड्यांत आलंय का ते बघा, कारण मॉडेलमध्येच पैलू असतील तर टॉलरन्स कितीही बारीक करून ते जात नाहीत. एकाच ठिकाणी खोल खड्डा पडला असेल, तर तिथे दोन सरफेसच्या मध्ये फट असण्याची दाट शक्यता. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात फाइल नेताना अशा फटी राहतात, आणि कटरच्या दृष्टीने जिथे सरफेस नाही तिथे अडथळाही नाही, तो खाली उतरतो. दोन टूलपाथच्या हद्दीवर नखाला लागणारी पायरी आली, तर प्रोग्रामकडे न जाता कटरची झीज, लांबीचा ऑफसेट आणि तापून लांबलेला स्पिंडल तपासा. आणि मशीन वळणावर अडखळत, धक्के देत चालत असेल तर रेषांची लांबी पाहा. ०.०५ मिलिमीटरच्या रेषा आणि मिनिटाला ३,००० मिलिमीटर फीड, म्हणजे सेकंदाला १,००० ओळी. जुन्या कंट्रोलरला तेवढ्या वाचता येत नाहीत, मग तो फीड तोडतो आणि थबकल्याच्या खुणा साच्यावर राहतात. टॉलरन्स बारीक करण्याचीही किंमत असते, ती ही.

स्टेपओव्हर किती ठेवायचा, हा वाद प्रोग्रामर आणि पॉलिशवाला यांच्यात चालतो आणि तो खरा मोलाचा आहे. २०० बाय १०० मिलिमीटरच्या भागावर ०.२ ने गेलं तर ५०० रेघा, एकूण १०० मीटर वाट, २,००० फीडला ५० मिनिटं. ०.१ केलं की १०० मिनिटं, आणि हिशोबाने कड पाव मायक्रॉन. कागदावर हे सुंदर दिसतं. पण कटर होल्डरमध्ये फिरताना काही मायक्रॉन तरी डुलतोच, त्यामुळे पाव मायक्रॉनची ती कड प्रत्यक्षात उमटतच नाही. पॉलिशवाल्याला दगड तेवढाच वेळ घासावा लागतो. तेव्हा ५० मिनिटं वाढवण्याआधी होल्डर पुसून, कटर कमीत कमी बाहेर ठेवून पकडावा आणि डायल लावून त्याचा रनआउट, म्हणजे हाच डुलण्याचा आकडा, बघावा.