परदेशी ग्राहकासमोर घोलवडचा चिकू

डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 2021 मध्ये तो ब्रिटनला रवाना झाला. डहाणू-तलासरीतील पेढीवरच्या तरुणाला उद्या परदेशी खरेदीदारापुढे इंग्रजीत माल मांडावा लागला, तर धास्ती असते ती व्याकरणाची. खरी उणीव मात्र तयारीची असते.

1893 साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत 29 वर्षांचे वीरचंद राघवजी गांधी इंग्रजीतून बोलले. साध्वाचारामुळे आचार्य आत्मारामजी स्वतः जाऊ शकत नव्हते. पण परिषदेसाठी त्यांनी प्रश्नोत्तररूपाने विवेचन सिद्ध केले होते. व्यापाऱ्यानेही आधी प्रश्नच लिहून काढावेत. तोडणीनंतर फळ किती दिवसांत पिकते? शीतगृहातील थंडी किती सोसते? एका खोक्यात किती नग बसतात? प्रत्येकाचे उत्तर दोन छोट्या वाक्यांत, आकड्यासह द्यावे. कॅल्शियमयुक्त मातीचा उल्लेख अवश्य करावा, कारण घोलवडच्या गोडीचे श्रेय तिलाच दिले जाते. पेढीच्या तीन पिढ्यांचा इतिहास आणि पडद्यावरची अक्षरांची दाटी मात्र वगळावी.

चिकूला इंग्रजीत ‘सपोटा’ असेही म्हणतात, हे ध्यानी असावे. घरातील कॉलेजकुमारीसमोर घड्याळ लावून तीनदा बोलून पाहावे. जिथे ती अडवील, ते वाक्य बदलावे.