'खग्ग' या शब्दाविषयी

छत्रपती संभाजीनगर येथील आमच्या पालि वर्गात 'खग्ग' शब्द आला की विद्यार्थी 'तलवार' असा अर्थ सांगतात. तो बरोबरच आहे. कंबोडियातील अंगकोर येथे सातव्या जयवर्मनाने उभारलेल्या बौद्ध संकुलास आज 'प्रेह खान' म्हणतात. हे 'खान' आपल्याकडील आडनाव नव्हे. ते 'खड्ग' शब्दाचेच ख्मेर रूप होय. 'प्रेह' म्हणजे पवित्र. तेथील इ. स. ११९१ च्या संस्कृत शिलालेखात या स्थानाचे नाव 'जयश्री' असे आहे. थायलंडच्या राज्याभिषेकातील 'फ्रा सेंग खान चाइ सी' या तलवारीच्या नावातही तेच खड्ग आणि तीच जयश्री आहे. तिचे पाते १७८४ साली तोन्ले साप सरोवरात मच्छीमाराच्या जाळ्यात सापडले, असे परंपरा सांगते.

परंतु हाच अर्थ घेऊन सुत्तनिपातातील खग्गविसाणसुत्त वाचू लागल्यास घोटाळा होतो. 'विसाण' म्हणजे शिंग, आणि तलवारीस शिंग नसते! तेथे 'खग्ग' म्हणजे गेंडा; एकाकी विचरणाऱ्या साधकास त्याची उपमा दिली आहे.

शस्त्राचे रूपक पाहावयाचे तर मज्झिमनिकायातील वम्मिकसुत्त पाहावे. तेथे 'सत्थ', म्हणजे शस्त्र, घेऊन वारूळ खणावयास सांगितले आहे. भगवंतांनी त्याचा उलगडा केला : शस्त्र म्हणजे आर्य प्रज्ञा, खणणे म्हणजे वीर्यारंभ, आणि वारूळ म्हणजे हा देह.