स्वमग्न मुलाच्या घरातील एक वर्ष

स्मरणिकेसाठी लेख द्या, असे चिटणीसांनी सांगितले तेव्हा बँकेच्या शैक्षणिक कर्जावर लिहावे असा आमचा विचार होता. परंतु २०२४ च्या जयंतीला जे घडले ते आपणा सर्वांस ठाऊक आहे, त्यामागचे कारण मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे. म्हणून कर्ज बाजूला ठेवून आमच्या घराविषयी लिहीत आहोत. मुलाचे नाव मुद्दाम देत नाही. तो मोठा होईल तेव्हा ते त्याचे त्याला कोरे मिळावे.

त्या दिवशी मिरवणूक तिठ्यावरून विहाराकडे वळली आणि आमचा मुलगा, वय वर्षे आठ, आईचा हात सोडवून पळाला. दीड तास सापडला नाही. अर्धी वाडी बॅटऱ्या घेऊन फिरत होती. जाणत्या माणसांनी आधी विहिरी पाहिल्या आणि ते योग्यच होते. अशी मुले घरातून निघून जातात तेव्हा सर्वांत मोठा धोका पाण्याचाच असतो. तो सापडला नांदगाव रोड स्टेशनच्या बाकावर, दोन्ही कान दाबून बसलेला. मनगटावर स्वतःच्याच दातांचे वण होते. दुसऱ्या दिवशी कोणी म्हणाले पोराला वळण नाही. कोणी म्हणाले बाहेरचे काहीतरी आहे.

या अवस्थेला ऑटिझम म्हणतात. मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे, पण तो आम्हास फारसा पटत नाही. आमचा मुलगा स्वतःत मग्न नसतो. पंख्याची घरघर, पत्र्यावरचा पाऊस, ट्यूबलाइटची थरथर, शर्टाच्या मानेचे लेबल हे सर्व त्याला एकाच वेळी आणि सारख्याच जोराने जाणवते. आपल्या मेंदूतील चाळणी नको ते गाळून टाकते. त्याची चाळणी निराळी आहे. ध्वनिक्षेपकांची भिंत अंगावर आली तेव्हा तो पळाला, ते उद्धटपणाने नव्हे. भाजलेला हात आपण मागे घेतो तसे ते होते.

बोलण्याचेही तसेच. तहान लागली की तो म्हणतो, ‘तुका पाणी व्हया?’ पाहुणे हसतात. पाणी देताना त्याने नेहमी हेच वाक्य ऐकले, म्हणून त्याच्या लेखी पाण्याचे नाव ते वाक्य हेच आहे. ‘मी’ आणि ‘तू’ हे शब्द बोलणाऱ्यागणिक बदलतात, हे आपल्याला न शिकवता कळते. त्याला कळत नाही. कणकवली स्टेशनवरील घोषणा तो तिन्ही भाषांत हुबेहूब म्हणतो. वर्षावासात विहारात रोज कानावर पडून त्रिशरण-पंचशील त्याला पाठ झाले, एक अक्षर चुकत नाही. पोट दुखते हे मात्र सांगता येत नाही.

आमची आई म्हणे, ‘बोलात रे, तू पण उशिरा बोललंस.’ या भरवशावर आमची दोन वर्षे गेली. वाचकांनी ती चूक करू नये. वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने वस्तू दाखवत नसेल, आलेले शब्द हरवत असतील, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांस दाखवावे.

हे दुखणे परदेशी किंवा मोबाइलमुळे आलेले आहे, असेही ऐकू येते. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा मोबाइल नव्हता. त्यातील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावचा. त्याच्या वडिलांनी डॉक्टरांस तेहतीस पानांचे पत्र लिहिले होते. पुढे हा डोनाल्ड काय झाला, तर आमच्यासारखाच बँकेत नोकरीला लागला! गावच्याच बँकेत त्याने अनेक दशके काम केले, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी प्रवास केला आणि २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी वारला. गावाने त्याला त्याच्या तऱ्हांसकट आपला मानले होते. अर्थात बँक त्याच्या आजोळच्या माणसांची होती, हेही सांगितले पाहिजे. आमच्या मुलाच्या आजोळी काजूची चार कलमे आहेत.

मुंबईच्या जिया राय या स्वमग्न मुलीने २०२२ साली पाल्कची सामुद्रधुनी पोहून पार केली. ती बातमी आम्हास निदान दहा जणांनी पाठविली. त्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु आमच्या मुलाने त्या वर्षी शर्टाची बटणे लावायला शिकली, आणि त्या दिवशीही घरात गोड केले होते.

मूळ कारण मुख्यतः आनुवंशिक घडणीत असते. लसीमुळे होते असे सांगणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ साप्ताहिकाने २०१० मध्ये मागे घेतला. आईची माया कमी पडली, हा एके काळचा सिद्धांतही टाकून दिलेला आहे. राहिले गतजन्मीचे पाप. ही भाषा आमच्या कानावर आपल्याच समाजबांधवांकडून आली, याचे वाईट वाटते. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची ही कल्पना बुद्धाची नव्हे, असे स्पष्ट प्रतिपादन आहे. आम्ही गाऱ्हाणे घातले नाही, अंगारा आणला नाही. मोह झाला नाही असे मात्र म्हणणार नाही.

मग वर्षभर काय केले? हे बरे करणारे औषध नाही. वाचा-उपचार आणि इंद्रियांना वळण देणारे व्यवसायोपचार यांचा उपयोग होतो. त्यासाठी महिन्यातून एकदा फोंडा घाटाने कोल्हापूर. बँकेत किरकोळ रजा बारा, वर्षाचे महिने बारा. हिशेब जुळला, फक्त आम्ही आजारी पडायचे नाही एवढेच. खरे काम घरी होते आणि ते आमची पत्नी करते. भिंतीवर चित्रांची पट्टी आहे: दात, अंघोळ, पेज, दप्तर, शाळा. एक काम झाले की ते चित्र तो उलटे करतो. पुढे काय येणार हे दिसले की तो शांत असतो. चतुर्थीच्या सुट्टीत शाळेचे चित्र काढायला विसरलो, तर सकाळी सात वाजता तो दप्तर घेऊन पावसात उभा. पत्नी अंगणवाडीत काम करीत होती, ते सोडले. ज्याचा पगार कमी त्याने थांबायचे असा हिशेब आम्ही मांडला, ती काही बोलली नाही. तो हिशेब बरोबर होता का, हे आम्हास अजून सांगता येत नाही. मुलीने दहावीचा अभ्यास शेजारच्या काकींकडे केला.

डिसेंबरमध्ये ओरोसला जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी गेलो. मोजपट्टी भारतीय आहे: चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तरपासून पुढे स्वमग्नता, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. मुलाला कमी गुण मिळावेत म्हणून आम्ही आयुष्यात प्रथमच धडपडत होतो. १९९५ च्या अपंग कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारांत तिचा समावेश झाला. प्रमाणपत्रावर चाळीस टक्के किंवा अधिक नोंद असल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो, एस.टी.च्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. प्रमाणपत्र घेतले तर मुलावर शिक्का बसेल, ही भीती आम्हासही होती. पण शिक्का वाडीने आधीच मारला होता. कागदाने निदान तो दुरुस्त केला.

जानेवारीच्या सभेत आम्ही विनंती केली की, तिठ्यापासून विहारापर्यंत ध्वनिक्षेपक बंद ठेवावेत. तरुणांनी विरोध केला आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. एके काळी आपल्या माणसांनी वाजतगाजत रस्त्याने जाणेही सहन होत नसे. जयंतीचा आवाज हा आपल्यासाठी नुसता आवाज नाही. दोन तास चर्चा झाली. शेवटी तेवढ्या टप्प्यात फक्त लेझीम, असे ठरले. काही जण अजून नाराज आहेत, त्यांना आम्ही दोष देत नाही.

२०२५ च्या जयंतीला तो कान झाकणारे हेडफोन लावून विहाराच्या पायरीवर बसला. भिंतीवरच्या पट्टीत मिरवणुकीचे चित्र आठवडाभर आधी लावले होते. लेझीम आली, तो डुलत राहिला. मग समोरच्या स्वयंसेवकाला म्हणाला, ‘तुका पाणी व्हया?’ तो मुलगा गेल्या वर्षी बॅटरी घेऊन विहिरी पाहणाऱ्यांत होता. त्याने काही न विचारता पेला भरून दिला.

कोणाच्या घरी असे मूल असेल तर आधारकार्ड, फोटो आणि असतील ते दवाखान्याचे कागद घेऊन यावे. ओळखपत्राचा ऑनलाइन अर्ज आम्ही भरून देऊ. रविवारी आम्ही घरीच असतो. सकाळी मात्र गाडी जाईपर्यंत दोघे स्टेशनवर असतो, तेथे आलात तरी चालेल.