डिस्पोजलचा मीटर आणि गाडीचे वायरिंग

ब्रिटन आणि अमेरिकेत लष्कराच्या जुन्या जीप, लँड रोव्हर आणि ट्रक हौसेने बाळगणारी बरीच मंडळी आहेत. गाडी लष्करातली, तेव्हा तिची वायरिंग तपासायला मल्टिमीटरही लष्करातलाच, डिस्पोजलमध्ये काढलेला हवा, असा त्यांच्यातल्या अनेकांचा हिशेब असतो. ब्रिटनमध्ये असा मीटर म्हटला की पहिले नाव निघते ते एव्होचे. टपाल खात्यातले एक अभियंते डोनाल्ड मॅकाडी यांच्या कल्पनेतून १९२३ साली तो बाजारात आला. त्याचे सर्वांत गाजलेले मॉडेल, एव्हो ८, १९५१ पासून थेट २००८ पर्यंत बनत होते. अमेरिकेत तीच जागा सिम्प्सन २६०ची आणि टीएस-३५२ या लष्करी संचाची. जाड बेकेलाइट किंवा धातूची पेटी, रुंद तबकडी, ठसठशीत काटा. हातात घेतले की वस्तू भरवशाची वाटते, आणि नेमकी इथेच खरेदीची गफलत सुरू होते. लष्करी शिक्का मीटर किती मजबूत आहे एवढेच सांगतो. तो तुमच्या कामाचा आहे की नाही, हे गाडीतला दोष कोणत्या जातीचा आहे त्यावर ठरते.

गाडीतले बहुतेक विजेचे दोष हे जोडांचे दोष असतात: गंजलेले टर्मिनल, सैल अर्थ, आतून तुटत आलेली वायर. समजा, सेल्फ मारला की साधारण २०० अँपिअर प्रवाह वाहतो आणि इंजिनाच्या अर्थपट्टीखाली फक्त ०.०१ ओहमचा गंज आहे. तेवढ्यावर २ व्होल्ट गळतात, त्या जोडावर ४०० वॉटची उष्णता निर्माण होते आणि इंजिन रडतखडत फिरते. हा ०.०१ ओहम कोणताही साधा मीटर ओहमच्या रेंजवर दाखवणार नाही, कारण त्याच्या लीडचाच रोध याच्या दसपट असतो. बॅटरी नवी टाकली, सेल्फ उतरवून भरून आणला, तरी गाडी तशीच, या तक्रारीचे मूळ बहुधा इथे असते. दोष सापडतो तो जोडातून प्रवाह चालू असताना व्होल्ट मोजले तरच. मीटर अडीच व्होल्टच्या रेंजवर ठेवायचा, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (क्लँपवर नव्हे, खुंटावरच) आणि दुसरा सेल्फच्या अंगावर टेकवायचा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे. काटा ०.२ च्या आसपास थांबला तर अर्थ ठीक. एकाच्या पुढे गेला तर प्रोब एकेक पायरी सरकवायचा: खुंट ते क्लँप, क्लँप ते चॅसिस, चॅसिस ते इंजिन. ज्या पायरीवर काटा उसळी घेतो, तिथे पाना लावायचा. दिव्यांचेही तसेच. २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. त्याच्या वाटेत एक ओहमचा गंज असला, तर बल्ब काढून होल्डरवर मोजल्यास मीटर बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब लावून मोजले की दीड व्होल्ट गायब.

या कामाला काट्याचा जुना मीटर उत्तम. पण त्याची अचूकता रेंजच्या शेवटच्या आकड्यावर मोजली जाते, हे घेणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. सिम्प्सन २६०च्या डीसी रेंज २.५, १०, ५० अशा चढत जातात. म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी मोजायची तर ५० वर जावे लागते, आणि साधारण दोन टक्क्यांची चूक धरली तर ती एक व्होल्ट इकडे-तिकडे होते. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते आणि अर्धी उतरलेली १२.२. ०.४ चा हा फरक त्या तबकडीवर वाचणे म्हणजे अंदाजपंचे. एव्हो ८ला २५ व्होल्टची रेंज आहे आणि चूक एक टक्क्याच्या घरात, त्यामुळे तो थोडा बरा. तरीही लष्करी गाड्या, मोठे ट्रक आणि बस यांची २४ व्होल्टची वायरिंग घ्या: इंजिन चालू असताना तिथे २८ व्होल्ट असतात, म्हणून एव्होलाही १०० च्या रेंजवर जावे लागते. उलट अडीचच्या रेंजवर सिम्प्सनची तीच दोन टक्के चूक ०.०५ व्होल्टवर येते. अर्थ तपासायला ती पुरून उरते. एकच मीटर जोड तपासायला नंबर एक आणि बॅटरी तपासायला जेमतेम, अशी ही गंमत आहे.

यावर कोणी म्हणेल, मग काही शे रुपयांत मिळणारा नवा डिजिटल मीटर काय वाईट? बॅटरी आणि चार्जिंग बघायला खरोखरच वाईट नाही. ओझे सांभाळत काट्याचा मीटर मिरवणाऱ्यांनी हे प्रांजळपणे मान्य करावे. पण स्वस्त डिजिटलवर आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो. सेल्फ मारताक्षणी बॅटरी किती कोसळली, किंवा थ्रॉटलचा सेन्सर हळूहळू फिरवताना मध्येच कुठे झटका आला, हे आकड्यांच्या भिरभिरण्यात निसटते आणि काट्यावर सहज दिसते. शिवाय लष्कराचा म्हणजे काट्याचाच, असेही नाही. अमेरिकी लष्कराने घेतलेला फ्लूक २७/एफएम हा बंदिस्त पेटीचा, पाण्याधुळीला न जुमानणारा डिजिटल मीटर आहे. त्याची डीसी चूक साधारण ०.१ टक्का असते, आणि आकड्याखाली काट्याची उणीव बरीच भरून काढणारी एक सरकती पट्टीही असते. एकच मीटर घ्यायचा असेल तर माझे मत अशाच मीटरला. काट्याचा घ्या, पण दुसरा म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आजच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स ठासून भरलेले असताना जुना मीटर नुकसान करणार नाही का? करू शकतो. एव्हो किंवा सिम्प्सनसारखा २०,००० ओहम प्रति व्होल्टचा मीटर अडीचच्या रेंजवर सर्किटला ५० हजार ओहमचे ओझे लावतो, तर डिजिटल मीटर साधारण १ कोटी ओहमचे. वायरिंगच्या जोडाला याचे काही वाटत नाही, पण ऑक्सिजन सेन्सरसारख्या नाजूक सिग्नलचे वाचन त्यामुळे खोटे येते. सिम्प्सन ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर स्वतःच १२५ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह सोडतो. ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या, पिनांवर तो लावू नये. एअरबॅगच्या सर्किटवर तर नवा असो वा जुना, कोणताच ओहममीटर लावू नये. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रीड गाड्यांच्या शेकडो व्होल्टच्या बॅटरीजवळ या पेट्यांना अजिबात थारा नाही, कारण त्यांना आजच्या सुरक्षा वर्गाचे मानांकनच नसते. प्रवाहाच्या रेंजवर विसरलेला मीटर साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर टेकवला तरी लीड पेटते. एव्होचा सुप्रसिद्ध कट-आउट (जादा प्रवाह आला की मीटर आपोआप तोडणारी कळ) काटा वाचवायला आहे, फ्यूजची जागा तो घेत नाही. लीडमध्ये फ्यूज आपणच घालून घ्यावा.

खरेदी करताना लेबल वाचावे. नाटोच्या १३ आकडी साठा क्रमांकाची सुरुवात ६६२५ने असेल तर वस्तू विद्युत मोजमापाच्या गटातली, आणि त्यापुढचे दोन आकडे देश सांगतात: ९९ म्हणजे ब्रिटन, ०० किंवा ०१ म्हणजे अमेरिका. कॅलिब्रेशनचे स्टिकर शेवटची तपासणी कधी झाली ते सांगते. आज मीटर बरोबर आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. म्हणून ताज्या सेलवर, आणि शक्य असेल तर चांगल्या डिजिटलशी ताडून पाहावे. पेटी उभी, आडवी, तिरकी धरून काटा शून्यावर राहतो का, अडखळतो का, हे बघावे. सेलचे झाकण उघडून गळती बघायला विसरू नये. आपल्याकडे जुन्या बाजारात नाशिकच्या मोटवाने कंपनीचा ८एक्स दिसला, तर तो एव्होच्याच वळणाचा समजावा आणि याच कसोट्या लावाव्यात. एव्होवर ओहम मोजताना लाल लीड निगेटिव्ह असते, त्यामुळे अल्टरनेटरचे डायोड तपासणारा नवखा हमखास उलटा निष्कर्ष काढतो. राहता राहिला एव्होच्या वरच्या ओहम रेंजला लागणारा १५ व्होल्टचा सेल. तो मिळायला अवघड आणि महाग, म्हणून विक्रेता त्याशिवायचा मीटर किंमत पाडून देत असेल तर खुशाल घ्यावा. डीसी व्होल्ट आणि अँपिअर मोजायला या मीटरला सेल लागतच नाही, आणि त्या वरच्या ओहम रेंजशी गाडीच्या वायरिंगचे काही काम नसते.