ह्यात श्वास कोण घेतंय?

गेल्या नाताळाच्या आधी आमच्या पॅरिशच्या कॉयरमध्ये टेनर एक आणि बास शून्य अशी अवस्था होती. मुलगे कोणी पुण्याला, कोणी बेंगळुरूला, दोघे गल्फमध्ये. त्यात कॉयर शिकवणाऱ्या सरांनी एक चार आवाजी मराठी गीत निवडलेलं. ते मला म्हणाले, "तू कॉम्प्युटरवर गाणी करतेस ना? प्रत्येकाची ओळ वेगवेगळी गाऊन दाखवणाऱ्या फाइली करून दे. पोरं तिकडे ऐकून पाठ करतील. आणि चारही आवाज एकत्र कसे लागतात, तेही सगळ्यांना कळू दे."

मी लगेच हो म्हटलं. हल्ली सूर आणि शब्द टाइप केले की गाऊन दाखवणारी सॉफ्टवेअर्स मिळतात, त्यातलं एक माझ्या लॅपटॉपवर होतंच. एका रात्रीत काम होईल असं वाटलं होतं. तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत समूहाचा आवाज म्हणजे काय, हे मला कळलं. तेच इथे सांगते.

आधी थोडा इतिहास. यंत्राला गायला लावण्याचा प्रयोग जुना आहे. 1961 साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये आयबीएम 704 या संगणकाने 'डेझी बेल' हे गाणं गायलं. 2004 मध्ये यामाहा कंपनीचं 'व्होकलॉइड' तंत्र बाजारात आलं, आणि 2007 मध्ये त्यावर चालणारी जपानची हात्सुने मिकू जगभर गाजली. तिचा आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीच्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेला आहे. तेव्हा उच्चारांचे छोटे तुकडे जोडून गाणं तयार व्हायचं. आता न्यूरल नेटवर्क खऱ्या गायकाचं गाणं ऐकून शिकतं, त्यामुळे एकटा आवाज ऐकला तर भलेभले फसतात.

पण एकटा. अडचण समूहाची आहे.

माझी पहिली चूक अगदी साधी होती. सोप्रानोचा एक आवाज तयार केला आणि त्याच्या चार प्रती एकावर एक ठेवल्या. वाटलं, चार बायका गातील. प्रत्यक्षात एकच बाई मोठ्याने गाऊ लागली! कारण सोपं आहे. दोन प्रती हुबेहूब सारख्या असतील, तर त्यांच्या लहरी तंतोतंत एकमेकींवर बसतात आणि आवाज 6 डेसिबलने वाढतो, एवढंच. दोन वेगळ्या माणसांच्या लहरी कधी जुळतात, कधी नाही, म्हणून वाढ साधारण 3 डेसिबलच होते. पण त्या जुळण्या-न जुळण्यातून जी बारीक थरथर तयार होते, तिलाच आपला कान 'पुष्कळ माणसं' म्हणून ओळखतो.

मग मी एक प्रत किंचित मागे सरकवली. आता आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. दोन सारख्या आवाजांमध्ये कायम 1 मिलिसेकंदाचं अंतर ठेवलं, तर 500, 1500, 2500 हर्ट्झ अशा ठरावीक जागी ते एकमेकांना खोडून टाकतात. म्हणजे नुसता फरक पुरत नाही, तो सतत बदलता हवा. प्रत्येक आवाज खरोखर वेगळ्यांदा गायला पाहिजे.

म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चार वेगळे आवाज घेतले आणि प्रत्येकाकडून सगळं गीत वेगळं गाऊन घेतलं. सुरात 5 ते 15 सेंटचा फरक ठेवला (दोन लगतच्या स्वरांमध्ये, म्हणजे अर्ध्या सुराच्या अंतरात, 100 सेंट असतात), आणि तोही ओळीगणिक बदलता. शब्द सुरू होण्याच्या वेळेत 10 ते 40 मिलिसेकंदांचा फरक ठेवला. हा आकडा फार वाटू नये. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. कॉयरमध्ये माझ्यापासून सात मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा सूर माझ्या कानी पडेपर्यंत 20 मिलिसेकंद असेही जातातच.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक कृत्रिम आवाजाला पुढे उभं राहायचं असतं. एकल गायक 3000 हर्ट्झच्या आसपासचा भाग धारदार करून वाद्यांच्या वर आपला आवाज काढतात. समूहात गाताना तेच गायक ती धार आवरतात. यंत्राचे आवाज एकल गायकांकडून घेतलेले, त्यांना आवरायला कोण सांगणार? ते काम मला करावं लागलं. मागच्या रांगेतल्या आवाजांची ती धार कमी केली, कंप कमी केला आणि श्वासाळूपणा थोडा वाढवला. शेवटी सगळ्यांना एकाच प्रतिध्वनीत ठेवलं. प्रत्येकाला वेगळा प्रतिध्वनी दिला की सोळा माणसं सोळा खोल्यांतून गातायत असं वाटतं.

आता खरी गंमत. मी वापरत होते त्या सॉफ्टवेअरमध्ये जपानी, इंग्रजी, स्पॅनिश वगैरे भाषा आहेत. मराठी नाही. भाषाविज्ञानाच्या पेपरसाठी घोकलेले मूर्धन्य, महाप्राण आयुष्यात पहिल्यांदा कामाला आले! इंग्रज माणूस 'किंग' म्हणताना क बरोबर हवा सोडतो, तो जवळजवळ 'खिंग' असतो. म्हणून आपल्या ख साठी इंग्रजी क घेतला आणि आपल्या क साठी स्पॅनिश. 'चंद्र' मधला च सोपा, पण 'चांदणं' मधला च? तो 'त्सुनामी' मुळे जपानीत सापडला. घ, ध, भ कुठेच नव्हते, तिथे ग, द, ब ला चिमूटभर ह जोडला.

अडलं ते 'बाळ' या शब्दावर. नाताळचं गीत, आणि त्यात बाळ नाही असं कसं होईल? इंग्रजी ल घेतला तर 'बाल', जपानी र घेतला तर चक्क 'बार येशू'. ळ काही केल्या येईना. उपाय मिळाला तो दुसऱ्याच एका भानगडीतून. 'येशू' मधला श सोळा आवाजांनी एकदम म्हटला की कुकरची शिट्टी व्हायची. सरांना विचारलं तर ते हसले. "अगं, आपण प्रॅक्टिसला काय करतो? स आणि श एकाने नीट म्हणायचा, बाकीच्यांनी नुसता स्पर्श करायचा." तेच केलं. सोळापैकी तेरा आवाजांचा श जवळजवळ पुसून टाकला. ऐकणाऱ्याला वाटतं सगळेच म्हणतायत. व्यंजनं दोघा-तिघांची, स्वर सगळ्यांचे. मग ळ सुद्धा तसाच का नको? 'बाळ' हा शब्द मी स्वतः मोबाइलवर गाऊन रेकॉर्ड केला आणि समूहात मिसळला. माझ्या एका ळ वर सोळा जण मराठी झाले.

फाइल तयार झाली. रविवारी मिस्सानंतर सगळ्यांना ऐकवली. सर खूश झाले. आमच्या आल्टोमधल्या सर्वांत जुन्या आंटी मात्र डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "छान आहे गो. पण ह्यात श्वास कोण घेतंय?"

कोणीच घेत नव्हतं! सोळा जण चार-चार ओळी एका दमात गात होते. त्यांच्या छातीला काही होणार नव्हतं, ऐकणाऱ्याची छाती मात्र भरून येत होती. घरी जाऊन प्रत्येक आवाजाला श्वास दिला. ओळ संपल्यावर सगळ्यांनी एकदम घ्यायचा तो, आणि लांब सुराच्या मध्ये एकेकाने गुपचूप घ्यायचा तोही. एक श्वास घेतो तेव्हा शेजारचा सूर धरून ठेवतो, म्हणून गाणं तुटत नाही. हा बदल केला आणि इतके दिवस नुसता आवाज होता तिथे माणसं उभी राहिली.

आणि तिथेच मोह झाला. कोणीतरी म्हणालं, एवढं चांगलं झालंय तर नाताळच्या मिस्साला हेच स्पीकरवर लावू, आपण पुढे उभे राहून ओठ हलवू. खरं सांगते, मलाही ते आवडलं होतं. फादरांना विचारलं. ते रागावले नाहीत, त्यांनी फक्त 1958 साली व्हॅटिकनने काढलेली पवित्र संगीताविषयीची सूचना वाचायला दिली. ग्रामोफोन, टेपरेकॉर्डरसारखी आपोआप वाजणारी साधनं उपासनाविधीत वापरू नयेत, गायकांच्या जागी नाहीत आणि त्यांच्या आधारालाही नाहीत, असं तिच्यात स्पष्ट म्हटलंय. पण लोकांना गीतं शिकवायला तीच साधनं चालतील, असंही पुढे लिहिलंय. म्हणजे माझ्या फाइलीची जागा साठेक वर्षांपूर्वीच ठरलेली होती: प्रॅक्टिसची खोली.

मला आधी वाईट वाटलं. पण विचार केला की ते गाणं खरं वाटावं म्हणून मी तीन आठवडे काय करत होते? कोणाला थोडा उशीर, कोणाचा सूर किंचित खाली, कोणाला मध्येच श्वास. आमच्या कॉयरकडे हे सगळं आधीपासून होतं आणि आम्ही त्याला दोष म्हणत होतो.

नाताळला गल्फमधला एक जण रजेवर आला. बासची ओळ त्याने तिकडे कामावरून खोलीवर जाताना बसमध्ये ऐकून पाठ केली होती. आम्ही नऊ जण गायलो. दुसऱ्या कडव्यात टेनर घसरला आणि आंटी नेहमीप्रमाणे प्रत्येक ओळीला सगळ्यांच्या नंतर थांबल्या. 'बाळ' मात्र नऊच्या नऊ जणांनी नीट म्हटलं.

रजा संपवून तो परत गेला. आता पुढच्या गीताच्या फाइली चालू आहेत, आणि बासच्या जागी पुन्हा फक्त लॅपटॉप आहे. वाचकांपैकी कोणाचा आवाज खर्जात जात असेल, तर प्रॅक्टिस दर रविवारी मिस्सानंतर असते. सूर 15 सेंट इकडेतिकडे झाला तरी चालेल.