विश्लेषण : रास्पबेरी पायला ‘एसएसडी’ का दिसत नाही? फॉरमॅट करण्याआधी काय तपासावे?

तळहाताएवढा ‘रास्पबेरी पाय’ हा एकाच बोर्डवरचा संगणक अनेक घरांत फोटो साठवण्यासाठी किंवा कॅमेऱ्याचे चित्रीकरण जपण्यासाठी अहोरात्र सुरू असतो. सतत लिहिण्याने मेमरी कार्ड झिजते, म्हणून त्याला एसएसडी जोडली जाते. पण कधी कधी ती संगणकाला दिसतच नाही. अशा वेळी घाईने नवीन ड्राइव्ह विकत घेतला जातो किंवा आहे तो फॉरमॅट केला जातो. पहिल्यात पैसे वाया जातात, दुसऱ्यात वर्षांचे फोटो. प्रत्यक्षात दोष अनेकदा ड्राइव्हमध्ये नसतोच.

‘दिसत नाही’ म्हणजे नेमके काय?

या तक्रारीमागे तीन वेगळे बिघाड असू शकतात. संगणकाला ड्राइव्हचा पत्ताच नाही, हा पहिला. ड्राइव्ह ओळखला गेला, पण फाइल्स उघडत नाहीत, हा दुसरा. फाइल्स उघडतात, पण त्या ड्राइव्हवरून संगणक सुरू होत नाही, हा तिसरा. कोणता ते कळण्यासाठी संगणक मेमरी कार्डवरून सुरू करावा आणि टर्मिनलमध्ये एल-एस-बी-एल-के ही पाच इंग्रजी अक्षरे लहान लिपीत, सलग टाइप करावीत. जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हची यादी समोर येते. त्यात नाव नसेल तर वीज, जोडणी आणि सेटिंग तपासावे. नाव असेल तर दोष पुढे आहे.

वीज पुरेशी मिळते का?

सर्वात आधी चार्जर पाहावा. ‘पाय ४’वर चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर वीज मिळते. ‘पाय ५’ला ५ अँपिअरचा पुरवठा असेल तर ही मर्यादा १.६ अँपिअर असते. मोबाइलचा साधा किंवा ३ अँपिअरचा चार्जर लावला, तर ती ०.६ अँपिअरवर येते. तेवढ्यावर ड्राइव्ह सुरू होतो, पण मोठी फाइल लिहिताना अचानक गायब होऊ शकतो. ‘पाय ५’साठी २७ वॅटचा अधिकृत चार्जर किंवा वेगळी वीज घेणारा यूएसबी हब हा त्यावर उपाय आहे.

जोडणीत कुठे चूक होते?

यूएसबीने जोडलेला ड्राइव्ह निळ्या पोर्टमध्ये लावून दुसरी केबल वापरून पाहावी. काही यूएसबी-साटा अडॅप्टरच्या चिपचे रास्पबेरी पायशी जुळत नाही. तेव्हा ड्राइव्ह चांगला असूनही अडॅप्टर बदलावा लागतो.

‘पाय ५’वर पीसीआयई जोडणी असल्याने एनव्हीएमई ड्राइव्ह छोट्या जोडबोर्डवर बसवता येतो. येथे दोन चुका होतात. पहिली, एम.२ आकाराचा साटा ड्राइव्ह घेणे. तो खाचेत बसला, तरी एनव्हीएमई जोडबोर्डवर चालत नाही. त्यामुळे लेबलवर ‘एनव्हीएमई’ लिहिले आहे का, ते पाहावे. दुसरी चूक चपट्या केबलची. ती उलटी किंवा तिरकी बसली, अथवा तिची कडी नीट लागली नाही, तर ड्राइव्हचा संपर्कच होत नाही. केबल काढण्याघालण्याआधी वीज बंद करणे आवश्यक आहे.

सेटिंगचा दोष असू शकतो का?

होय. ‘हॅट प्लस’ मानकाचे जोडबोर्ड संगणक आपोआप ओळखतो. इतरांसाठी कॉन्फिग फाइलमध्ये पीसीआयई सुरू करणारी ओळ लिहावी लागते. वेग वाढवण्यासाठी कुणी तिसऱ्या पिढीचा पीसीआयई सुरू केला असेल, तर तो बंद करून पाहावा. ‘पाय ५’ला अधिकृत मान्यता दुसऱ्या पिढीचीच आहे.

यादीत आहे, पण फाइल्स नाहीत?

कोऱ्या ड्राइव्हवर पार्टिशन नसते, म्हणून तो फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाही. तो फॉरमॅट करण्यास हरकत नाही. मात्र त्यावर आधीचा डेटा असेल तर फॉरमॅटची सूचना स्वीकारू नये. ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला जोडून आधी प्रत काढावी.

फाइल्स दिसतात, पण संगणक त्या ड्राइव्हवरून सुरू होत नसेल, तर बूटलोडर अद्ययावत करून ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये बूटचा क्रम बदलावा. ‘हॅट प्लस’ नसलेल्या बोर्डसाठी बूटलोडरच्या सेटिंगमध्ये पीसीआयईचा शोध वेगळा सुरू करावा लागतो.

ड्राइव्ह निकामी कधी समजावा?

दुसऱ्या केबलने, दुसऱ्या अडॅप्टरने आणि दुसऱ्या संगणकावरही तो दिसला नाही, तरच. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोष कुठे होता हे कळते. आणि ड्राइव्ह पुन्हा दिसू लागताच पहिले काम एकच : महत्त्वाच्या फाइल्सची दुसरी प्रत.